भिंतीइतकाच खड्डा

माइनक्राफ्ट या खेळात माणूस येतो तो रिकाम्या हातांनी. समोर गवत असतं, लांबवर एखादी टेकडी, चारदोन मेंढ्या चरत असतात, ऊन पडलेलं असतं आणि जवळपास एखादं झाड असतं. काय करायचं ते कुणी धड सांगत नाही. कुऱ्हाड नाही, दोरी नाही, काडेपेटी नाही. म्हणून पहिलं काम एकच उरतं: झाडाच्या बुंध्यावर मुठीने घाव घालत राहायचं. थोड्या वेळाने बुंध्याचा एक चौकोनी ठोकळा सुटून हाताशी येतो. वरचं झाड मात्र जागचं हलत नाही. खालचा आधार गेला तरी फांद्या आणि पानं अधांतरी तशीच राहतात. त्या तरंगत्या झाडाकडे मी बराच वेळ बघत बसले होते. या जगात वाळू, खडी अशा मोजक्याच गोष्टी खाली पडतात. बाकी सगळं जिथल्या तिथे राहतं, कुणी हात लावेपर्यंत.

एका ओंडक्याच्या चार फळ्या निघतात. चार फळ्या चौकोनात मांडल्या की काम करायचं टेबल होतं. तीन फळ्या आणि दोन काठ्या त्या टेबलावर जुळवल्या की लाकडी टिकाव. लाकडी टिकावाने दगड फुटतो, दगडी टिकावाने लोखंडाचा खनिज-दगड, लोखंडी टिकावाने हिरा. प्रत्येक हत्यार पुढच्या हत्याराची वाट उघडतं, आणि ही साखळी हाताने एकेक कडी जोडत पुढे न्यावी लागते. शाळेत अश्मयुग, लोहयुग हे शब्द पाठ केले होते. दगडाचं टिकाव हातात आल्यावर लाकडी टिकाव किती अपुरं होतं ते मनगटाला कळतं, तेव्हा त्या शब्दांमागची माणसं पहिल्यांदा जवळची वाटली.

हा खेळ माझ्या संगणकावर बसवला माझ्या भाचीने, मे महिन्याच्या सुट्टीत राहायला आली होती तेव्हा. तिला तो मला दाखवायचा होता आणि मला तिच्यासोबत बसायचं होतं. पहिल्या दिवशी फळ्या आणि काठ्या शिकता शिकताच संध्याकाळ झाली. खेळातला दिवस-रात्रीचा फेरा वीस मिनिटांचा, त्यातली लख्ख उजेडाची मिनिटं दहा. सूर्य चौकोनी आहे, पण तो मावळताना आकाशाची कड तांबूस होते ती पाहून आपोआप घाई सुटते. भाची सरसावून बसली. “मावशी, अगं अंधार पडतोय! टेकडीत खण, आत शीर आणि मागून बंद करून घे!”

मी खणलं. टेकडीच्या पोटात थोडं आत गेले, वळले आणि तोंडाशी मातीचे दोन ठोकळे लावून घेतले. पडदा काळा झाला. बाहेर कुणीतरी पाय ओढत चालत होतं, घशातून घुमल्यासारखा आवाज काढत होतं. मग कुठूनतरी हाडांची खडखड. माझ्या आणि त्या आवाजांच्या मध्ये एका ठोकळ्याइतकी, म्हणजे खेळाच्या मापाने एक मीटर जाडीची माती होती. दुपारचे चार वाजले होते. पन्नाशी ओलांडलेली मी ठाण्यात सातव्या मजल्यावर पंख्याखाली बसले होते, आणि त्या मातीबद्दल मला जी कृतज्ञता वाटली ती अगदी खरी होती. भिंतीबद्दल असं काही मला आयुष्यात वाटलं नव्हतं. भिंती कायमच होत्या. मी जन्मले तेव्हाही त्या उभ्याच होत्या.

पुढे या खेळाचा इतिहास वाचला आणि एक गोष्ट मनात घर करून राहिली: यात आधी रात्र नव्हतीच. स्वीडनच्या मार्कस पेर्सनने मे २००९ मध्ये पहिली आवृत्ती लोकांसमोर ठेवली, तेव्हा तिच्यात ठोकळे लावायचे आणि काढायचे एवढंच होतं. झॅकरी बार्थ या अमेरिकन प्रोग्रामरचा ‘इन्फिनिमायनर’ हा ठोकळ्यांचाच खेळ त्याने पाहिला होता, त्यातून त्याला आपली वाट दिसली. जखम, मरण, शत्रू हे सगळं त्याच वर्षाच्या सप्टेंबरपासून येऊ लागलं. दिवस-रात्र आणि हत्यारं घडवणं त्याच्याही नंतरच्या काही महिन्यांत आलं. म्हणजे भिंती आधी उभ्या राहिल्या आणि त्यांचं कारण मागाहून आलं. मला हे फार थोर सुचणं वाटतं. नुसते ठोकळे रचायचा खेळ लहान मुलाच्या खोक्यातही असतो. त्या ठोकळ्यांवर संध्याकाळ आणली की त्यांचं घर होतं.

रात्रीच्या प्राण्यांमध्ये सगळ्यांना ठाऊक असलेला क्रीपर हा तर चुकून जन्मला. पेर्सन डुकराचा आकार घडवत होता, त्यात लांबी आणि उंचीची मापं उलटसुलट झाली आणि उभट अंगाचं, बिनहातांचं, आखूड पायांवर चालणारं काहीतरी तयार झालं. त्याने ते हिरवं केलं आणि ठेवून घेतलं. क्रीपर आवाज न करता जवळ येतो, जवळ आल्यावर फुसफुसतो आणि फुटतो. तो फुटला की भिंत जाते आणि भिंतीच्या पायथ्याशी खळगा पडतो. पहाट झाली की झोंबी आणि सांगाडे उन्हात जळून जातात, क्रीपर मात्र तसाच उभा असतो. दिवस उजाडला म्हणजे सगळं मिटलं असं हा खेळ मानत नाही, हे मला पटतं.

बाकीचा इतिहास थोडक्यात सांगते. पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ ला आली. त्यानंतर येन्स बर्गेन्स्टेन या दुसऱ्या स्वीडिश प्रोग्रामरने खेळाची धुरा घेतली. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने हा खेळ बनवणारी स्टॉकहोमची मोजांग ही कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली, आणि २०२३ पर्यंत तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. माझा जीव गुंतला तो या आकड्यांपासून बराच लांब, एका खाणीत.

त्या पहिल्या रात्री घर आणि खड्डा एकच होते. जी पोकळी खणली तीच राहायची जागा. दुसऱ्या दिवसापासून ते वेगळे झाले. टेकडीच्या माथ्यावर घर बांधायचं ठरवलं आणि पायथ्याशी दगड काढायला घेतला. हिशेब सरळ आहे. दगडाचा एक ठोकळा फोडला की झोळीत एक ठोकळा येतो, भिंतीत एक लावला की झोळीतला एक जातो. नऊ बाय सातचं घर, चार ठोकळे उंच भिंती, फरशी आणि छप्पर एवढं केलं तरी दोनशेहून जास्त दगड लागतात. घर साधं, एका खोलीचं. ते पुरं झालं तेव्हा मी माथ्यावरून खाली पाहिलं. पायथ्याशी दोनशे ठोकळ्यांची पोकळी होती, वेडीवाकडी, उघडी, तळाशी सावली साठलेली. माझ्या घरात जेवढा दगड होता तेवढाच तिथे नव्हता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, खेळाने त्याचा मुद्दाम धडाही केलेला नाही. ते नुसतं तिथे होतं, आणि ते माझ्याच हाताने झालेलं असल्यामुळे नजरेआड करता येत नव्हतं.

मी रत्नागिरीजवळच्या ज्या घरात वाढले ते जांभ्याच्या चिऱ्यांचं होतं. त्याचे चिरे कुठून आले हे आम्हा मुलांना माहीत होतं, कारण चिरेखाण वरच्या सड्यावरच होती. जांभा जमिनीतून काढताना त्यामानाने मऊ असतो, टिकावाने आणि पहारीने तासता येतो. वारा-ऊन लागलं की तो घट्ट होत जातो. चिरे निघून गेल्यावर खाणीच्या कडांवर त्यांच्या मापाच्या पायऱ्या उरतात, सरळ कोपऱ्यांच्या, जणू खाली कुणी घराचा उलटा साचा करून ठेवलाय. पावसाळ्यात तिथे पाणी साठायचं, गुरं उतरायची, आम्हाला काठाशी जायला बंदी असायची. आजोबा सड्यावरून येता-जाता हात करून म्हणायचे, “ते आपलं घर.” लहानपणी मला वाटायचं ते गंमत करतात. ते खाणीकडे बोट दाखवत असायचे आणि त्यांच्या बोलण्यात गंमत मुळीच नव्हती. घर जिथे उभं आहे तेवढंच ते जिथून आलं तिथेही असतं, हे त्यांना साधं सत्य वाटत होतं. मला ते माइनक्राफ्टच्या टेकडीवर उभं राहून समजलं, आजोबा गेल्यानंतर कित्येक वर्षांनी.

मग साहजिकच विचार आला, या सातव्या मजल्याचा खड्डा कुठे आहे? सिमेंटचा चुनखडक कुठल्या डोंगराचा, खडी कुठल्या खाणीतली, वाळू कुठल्या नदीच्या किंवा खाडीच्या पोटातली? पारसिकच्या डोंगररांगेवर नवी मुंबईच्या अंगाने दगडखाणींनी कापलेले उभे कडे दिसतात. ते मी गाडीच्या खिडकीतून वर्षानुवर्षं पाहिलेत आणि डोंगराचाच आकार तो, असं समजून सोडून दिलेत. त्यांतला एखादा तुकडा माझ्या डोक्यावरच्या स्लॅबमध्ये असेलही. घर आणि खाण यांच्यामध्ये आता इतके ट्रक, इतकी बिलं, इतके हात येतात की आजोबांसारखं बोट दाखवायला दिशाच उरत नाही. ज्या गोष्टीने मला ती दिशा पुन्हा दाखवली ती मुलांची करमणूक समजली जाते, याचं मला वाईट वाटतं. इतक्या स्पष्टपणे ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकानेही दाखवली नव्हती.

लाकडाचं तसं नाही. लाकूड उदार आहे. एका ओंडक्याच्या चार फळ्या देतं, आणि पानं गळताना मधूनच एखादं रोप हाती लागतं, ते लावलं की नवं झाड येतं. मी तोडलेल्या प्रत्येक झाडामागे एक रोप लावते. दगड मात्र परत उगवत नाही. त्यावरही एक युक्ती आहे: वाहता लाव्हा आणि वाहतं पाणी एकमेकांना भेटले की तिथे दगड तयार होतो, तो फोडला की पुन्हा तयार होतो, कितीही वेळा. खड्डा न करता हवा तेवढा दगड. भाचीने मला ते यंत्र मोठ्या उत्साहाने बांधून दाखवलं. ते हुशारीचं आहे यात शंका नाही, पण मी ते वापरत नाही. खेळाची दुसरीही एक तऱ्हा आहे, तिच्यात सगळे ठोकळे अमर्याद मिळतात, भूक लागत नाही, मरण येत नाही, उडताही येतं. तिच्यात लोकांनी राजवाडे आणि आख्खी शहरं उभारली आहेत. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या सरकारी नकाशा विभागाने आपला सगळा देश खऱ्या मापात या खेळात उतरवला. ते काम विलक्षण आहे, मी ते आदराने पाहते. राहायला मात्र मला माझी खाण असलेली टेकडीच हवी.

खाणीची खोली वाढत गेली तसं तिचं स्वतःचं जग सुरू झालं. खाली उतरायचे काही दंडक आहेत. “मावशी, सरळ पायाखाली कधी खणायचं नाही,” हा त्यातला पहिला, आणि हे खेळणारं प्रत्येक मूल तो वडीलधाऱ्या सुरात सांगतं. पायाखालचा ठोकळा गेला आणि खाली गुहा किंवा लाव्हा असला तर संपलं. म्हणून पायऱ्या काढत उतरायचं. थोड्या थोड्या अंतरावर मशाल लावायची, काठीच्या टोकाला कोळसा. शून्य पातळीच्या खाली दगडाचा रंग गडद होतो, तो फोडायला जास्त वेळ लागतो. २०२१ च्या अखेरीस आलेल्या बदलाने हे जग आणखी चौसष्ट ठोकळे खोल केलं. तळाशी जो खडक आहे तो कुठल्याच हत्याराने फुटत नाही. खाली हिरे आहेत, आणि लोक त्यांच्यासाठी तिथे जातात. मला तिथला अंधार आवडतो, आपल्या मशालींनी थोडाथोडा ओळखीचा होत जाणारा.

खिडकी मी उशिरा केली. जगायला खिडकी लागत नाही. दार लागतं, बिछाना लागतो, भट्टी लागते, खिडकीवाचून काही अडत नाही. तिच्यासाठी नदीकाठची वाळू खणून आणायची, भट्टीत कोळशावर भाजायची, मग काच होते. एका वाळूच्या ठोकळ्याची एक काच, आणि काठावर पुन्हा तेवढाच खड्डा. मी दोन बाय तीनची काच पूर्वेच्या भिंतीत बसवली. त्या रात्री बिछान्यात न शिरता मी काचेशी उभी राहिले. खालच्या उतारावर झोंबी हिंडत होते, चौकोनी चंद्र वर आला होता, एक कोळी भिंतीला लागून चढत होता. ज्या रात्रीपासून वाचायला हे घर बांधलं तीच रात्र बघायला आता जागा केली होती. निवाऱ्यापुढे घर सुरू होतं ते नेमकं इथे, असं मला वाटतं: आपण गरजेपेक्षा एक गोष्ट जास्त करतो, आणि ती नेहमी बाहेर बघणारी असते. त्यानंतर मी गव्हाचा वाफा केला. मधोमध पाण्याचा एक ठोकळा ठेवला की चारही बाजूंना चार ठोकळ्यांपर्यंत जमीन ओली राहते, म्हणजे एका पाण्यावर नऊ बाय नऊचा तुकडा पिकतो. हिरवा गहू पिवळा होतो तेव्हा खिडकीतून तो आधी दिसतो.

हे सगळं जग एका आकड्यातून उगवतं. त्या आकड्याला खेळात सीड म्हणतात. आवृत्ती एकच असेल आणि आकडाही तोच असेल, तर दोन माणसांना अगदी तीच नदी, त्याच वळणावर मिळते. डोंगरदऱ्यांचा चढउतार ज्या गणितातून येतो ते पर्लिन नॉइज केन पर्लिन यांनी १९८० च्या दशकात चित्रपटांतली संगणकीय चित्रं नैसर्गिक दिसावीत म्हणून शोधलं, आणि १९९७ मध्ये त्यासाठी त्यांना अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. संगणकाने लाकडाची रेघ, ढगाची कड, संगमरवराची शीर रंगवावी म्हणून केलेलं गणित डोंगर घडवायला लागलं, आणि त्या डोंगरात कुणीतरी राहायला आलं. जगाची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहा कोटी ठोकळे, म्हणजे साठ हजार किलोमीटर. पृथ्वीचा घेर चाळीस हजारांच्या आसपास आहे. जुन्या आवृत्त्यांमध्ये मध्यापासून सव्वा कोटी ठोकळ्यांवर गणित कोलमडायचं आणि जमीन एकाएकी प्रचंड, भोकाभोकांच्या भिंतीसारखी उभी राहायची. तिला फार लँड्स म्हणत. कर्ट मॅक नावाचा एक अमेरिकन २०११ पासून तिच्या दिशेने पायी चालायला लागला, वर्षानुवर्षं चालत राहिला, आणि त्या चालण्यातून इस्पितळातल्या मुलांसाठी निधी जमवत गेला. नव्या आवृत्त्यांमध्ये त्या भिंती उरलेल्या नाहीत. त्याने जुनी आवृत्ती सोडली नाही.

मला इतक्या जगाची गरज पडलेली नाही. घराभोवतीचा एक टापू पुरतो, कारण तो मी राबून ओळखला आहे. कुठल्या खळग्यात कोळसा निघाला, कुठल्या उतारावर क्रीपर फुटला, कुठलं झाड मी लावलं, हे मला न बघता सांगता येतं. एकटीने काम चालू असतं आणि मधूनच, बराच वेळ काही नसताना, पियानो सुरू होतो. डॅनियल रोझेनफेल्ड या जर्मन संगीतकाराचं हे संगीत खेळणाऱ्याच्या मागे लागत नाही. येतं, थोडं थांबतं, जातं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या संगीताचा पहिला अल्बम जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत घेतला. योग्यच केलं.

या ठोकळ्यांचं आणखी एक काम मला फार मोलाचं वाटतं. २०१२ मध्ये मोजांग आणि संयुक्त राष्ट्रांची यूएन-हॅबिटॅट यांनी ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. एखाद्या वस्तीतली मोकळी जागा खेळात जशीच्या तशी उभी करायची, आणि तिथे राहणाऱ्यांच्याच हाती ठोकळे द्यायचे. मुंबईत गौतम नगरच्या लोटस गार्डनसाठीही असं काम झालं. वास्तुविशारदाचा नकाशा समोर पसरला की ज्याला तो वाचता येत नाही तो गप्प बसतो. सभेत उठून बोलणं सगळ्यांना जमत नाही. पण दिवा हवा त्या जागी दिव्याचा ठोकळा ठेवणं कुणालाही जमतं, आणि तो ठेवल्यावर त्याच्याभोवतीचा अंधार किती हटला ते सगळ्यांना एकदमच दिसतं. शहराच्या जागा कुणी ठरवायच्या, या प्रश्नाला इतकं सोपं उत्तर असू शकतं, हे बघून मला आनंद झाला.

सुट्टी संपली, भाची नाशिकला गेली, जग मात्र दोघींचं राहिलं. रविवारी आम्ही भेटतो, ती तिच्या टेबलापाशी आणि मी माझ्या. सध्या तिच्या डोक्यात पूल आहे, टेकडीपासून नदीपलीकडच्या पठारावर. साठ ठोकळे लांब, पाच रुंद, दोन्ही बाजूंना कठडा. “चारशे वीस, मावशी, खांब धरले नाहीत.” दगड पलीकडच्या डोंगराचा काढू म्हणाली, जवळ पडेल. तो डोंगर माझ्या खिडकीसमोरचा. मी नाही म्हटलं. मग तिनेच सुचवलं की खाण नदीच्या अलीकडे, पुलाच्या पायथ्याशी घ्यायची आणि ती नुसती न खणता पायऱ्यापायऱ्यांनी खाली न्यायची, म्हणजे पूल होईल तेव्हा खाली तळं तयार असेल. पाण्याला बादल्या दोनच पुरतात. दोन बाय दोनच्या खळग्यात समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतली की तो झरा कधी आटत नाही, कितीही उपसा. चारशे वीस दगडांत तळं केवढं होईल, पायऱ्या किती बसतील, हे ती वहीत मांडतेय. तिला तळं चौकोनी हवंय, मला नदीच्या वळणाला धरून, आणि यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. पहिला थर येत्या रविवारी काढायचा आहे. तिच्याकडे लोखंडी टिकाव आहे, माझ्याकडे तीन दगडी, आणि मशालींसाठी कोळसा मी आधीच काढून ठेवलाय.